गोठलेली जमीन वितळली की वरचं पाणी कुठं जातं? (लडाख, तिबेट, आल्प्स)

कातळसडा

हिमनद्या आटताहेत हे आता पेपरात नेहमी येतं. फोटो काढता येतो, आधीचा आणि नंतरचा असे दोन शेजारी लावता येतात. पण त्याच डोंगरांत हिमनद्यांपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापणारा गारठा जमिनीच्या पोटात आहे, आणि त्याचा फोटो निघत नाही म्हणून त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. एकट्या तिबेटच्या पठारावर अशी गोठलेली जमीन सुमारे १०.६ लाख चौरस किलोमीटर आहे. आशियातल्या सगळ्या उंच पर्वतांवरच्या हिमनद्या एकत्र केल्या तरी लाखभर चौरस किलोमीटरच्या आसपास भरतात.

याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सलग दोन वर्षं तरी जिचं तापमान शून्य अंशाच्या वर गेलं नाही अशी जमीन. माती असेल, खडी असेल, अख्खा खडक असेल. उन्हाळ्यात वरचा थर मोकळा होतो. तिबेटात तो बहुतेक ठिकाणी एक ते तीन मीटरचा असतो. त्याच्या खाली बारमाही टणक.

आता मुद्दा पाण्याचा. खानापूरच्या पश्चिमेला चोर्ल्याचा किंवा कणकुंबीकडचा सडा श्रावणात पाहिला असेल तर ही गोष्ट लगेच कळेल. बोटभर माती, खाली कातळ. पाणी मुरायला जागाच नाही, म्हणून घोटाभर पाणी साचून राहतं आणि त्या पाण्यावर एरवी कुठं न दिसणारी वनस्पती उगवते. तिबेटात किंवा पूर्व लडाखातल्या चांगथांगच्या पठारावर पाऊस आपल्या मानाने नगण्य. तरीही तिथे ओली, हिरवी कुरणं आहेत, कारण खाली गोठलेला तळ आहे आणि जे काही पाणी येतं ते मुळांजवळच अडून राहतं.

फरक एवढाच की आपला कातळ वितळत नाही. तिथला तळच वितळतो.

म्हणून विचारतो, इथे कुणी लडाख-सिक्कीमला राहिलेलं आहे का? पलटणीतली मंडळी आपल्याकडे घरटी एक सापडते. ऐकायला आवडेल.

निपाणीकर_७१

लेख चांगला आहे पण एक समजलं नाही. बर्फ वितळला म्हणजे पाणी वाढणार की कमी होणार? जमिनीत बर्फ होता, त्याचं पाणी झालं. शेतकऱ्याच्या हिशेबाने हा फायदाच.

कातळसडा

दादा, पहिली काही वर्षं फायदाच दिसतो. जमिनीतला बर्फ सुटतो, झरे वाढतात, खोलगट भागात जमीन खचून नवी तळी तयार होतात. बर्फाने धरून ठेवलेली जागा रिकामी झाली की माती खाली बसते आणि त्या खड्ड्यात पाणी भरतं. तळ्याचं पाणी जमिनीपेक्षा ऊबदार, त्यामुळे त्याच्या बुडाची आणि काठाची जमीन आणखी वितळते, तळं पसरतं. मग एखाद्या वर्षी ते गोठलेल्या थराला आरपार भोक पाडतं आणि सगळं पाणी खाली निघून जातं.

कुरणाचंही असंच. मोकळा थर दीड मीटरचा होता तो अडीच मीटरचा झाला की तेवढंच पाणी जास्त खोल मातीत विभागलं जातं. पाणी नाहीसं होत नाही, फक्त मुळांच्या हाताला लागत नाही. खालच्या वाटा मोकळ्या झाल्या की तेच पाणी जमिनीखालून सावकाश नदीला मिळतं. त्यामुळे अशा खोऱ्यांतल्या कितीतरी नद्यांना हिवाळ्यात पूर्वीपेक्षा जास्त पाणी दिसतं. नदीकाठी मोजणारा म्हणणार पाणी वाढलं, आणि वर याक चारणारा म्हणणार कुरण वाळलं. दोघंही खरं बोलत असतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ‘वाढणार की कमी होणार’ याच्या जागी ‘कधी आणि कुठं’ असं विचारायला हवं.

माजी_हवालदार_यळ्ळूर

रामराम मंडळी. नातवानं हे दाखवलं म्हणून लिहितोय. मी पलटणीतनं पूर्व लडाखात आणि नंतर उत्तर सिक्कीमला होतो. किती साली, कुठल्या पोस्टवर ते इथं लिहित न्हाई.

तुम्ही म्हणता तो टणक थर आम्ही गेंतीनं वळखला आहे. उन्हाळ्यात बंकर खणायचा हुकूम आला की पहिलं कोपरभर सरळ जातं. खडी आणि माती, ओलसर. मग एकदम गेंती वाजते. दगड लागला म्हणून बाजूला खणलं तर तिथंबी तेच. हातात घेऊन बघितलं तर मातीच, पण शिमिट कालवल्यासारखी. उन्हात ठेवली की तासाभरात चिखल. आमच्यातला एक जण म्हणायचा, देवानं खाली स्लॅब टाकून ठेवलाय.

दुसरी गोष्ट. बंकरात बुखारी पेटलेली असते. रॉकेलवर चालते, हिवाळाभर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जिथं बुखारी ठेवलेली तिथली फरशी खाली बसायची आणि भिंत त्या अंगाला कलायची. आम्ही दरवर्षी दगड भरून सारखं करायचो. बांधकामात खोट हाय असं वाटायचं. आता वाचूलोय तर कळतंय की आम्हीच खालची जमीन तापवत होतो.

पाण्याचं म्हणाल तर हिवाळ्यात बर्फ वितळवून आणि उन्हाळ्यात नाल्यातनं जेरीकॅन भरून. एका नाल्याला पाणी सकाळी नसायचं, दुपारनंतर यायचं. ते वरच्या बर्फाचं. पण एक झरा होता तो दिवसभर सारखाच. तो कुठनं येत होता ते आजतागायत मला ठाऊक न्हाई.

कातळसडा

काका, सोनं लिहिलंत. बुखारीखाली फरशी खचते हेच मोठ्या प्रमाणावर चीनच्या रेल्वेपुढे आलं होतं. गोलमुड ते ल्हासा ही ११४२ किलोमीटरची लाइन २००६ मध्ये सुरू झाली, त्यातली सुमारे ५५० किलोमीटर गोठलेल्या जमिनीवरून जाते. भराव टाकला की तो ऊन पितो आणि खालची जमीन मऊ होते. म्हणून त्यांनी कुठे भरावात मोठे दगड मोकळे रचले, म्हणजे हिवाळ्यातली गार हवा आत खेळेल. कुठे जमिनीवरच पूल बांधले. आणि कुठे रुळाच्या दोन्ही बाजूंना नळ्या पुरल्या. नळीत अमोनिया असतो. हिवाळ्यात तो खालची उष्णता घेऊन वाफ होतो, वर थंड होऊन पुन्हा खाली उतरतो. वीज नाही, पंप नाही.

दुपारनंतर येणारा नाला आणि दिवसभर सारखा राहणारा झरा, हा फरक अगदी नेमका टिपलात. दुपारचं पाणी त्याच दिवशी वितळलेल्या बर्फाचं. सारखा राहणारा झरा जमिनीखालून रमतगमत येतो, म्हणून त्याला दिवस-रात्र कळत नाही. त्यात जुन्या जमिनीतल्या बर्फाचा वाटा किती हे बघून सांगता येत नाही, पाण्याचे नमुने तपासावे लागतात.

चिक्कोडी_एक्सप्रेस

हवालदार काका एकटे दहा पीएचड्यांना भारी पडले 🙏

सड्यावरची_फुलं

वनस्पतिशास्त्र शिकवते, सड्यांवरची झाडं हा माझा विषय. धागाकर्त्याने सड्याची उपमा दिली ती आवडली, पण एक गोष्ट जोडते. जांभा सगळीकडे पाणी अडवत नाही, तो भोकाभोकांचा दगड आहे. पाणी अडतं ते वरचं लोहाचं कवच घट्ट असेल तिथे. म्हणून एकाच सड्यावर दहा पावलांत झाडं बदलतात. पाणी साचतं तिथे सीतेची आसवं आणि गेंद, थोडं उताराला दवबिंदू, भेगेत एखादं झुडूप. उंच पर्वतावरच्या गोठलेल्या जमिनीवरही असाच ठिगळांचा प्रकार असतो. त्यामुळे ‘पर्माफ्रॉस्ट वितळला की गवत वाळतं’ हे सरसकट वाक्य कुठल्याच डोंगराला पूर्ण लागू होत नाही.

आता तिबेटच्या कुरणाबद्दल. तिथली मुख्य वनस्पती कोब्रेशिया. दिसायला गवत, पण कुळ आपल्या लव्हाळ्याचं आणि नागरमोथ्याचं. उंची जेमतेम दोन-चार सेंटीमीटर, जमिनीला चिकटलेली. वर जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट खाली मुळं. ती इतकी दाट गुंततात की पावलाखाली गादी लागते. अशा कुरणांनी तिथे सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटर जमीन झाकली आहे. हा मुळांचा थर तीन कामं करतो. वारा आणि पाण्यापासून माती धरतो, याकचं खूर सोसतो, आणि उन्हाळ्याची ऊब खाली जाऊ देत नाही.

तिसरं काम महत्त्वाचं आहे, कारण गोठलेली जमीन आणि कुरण एकमेकांना सांभाळतात. गोठलेला तळ पाणी वर ठेवतो म्हणून कुरण टिकतं, ओलं कुरण ऊन अडवतं म्हणून तळ टिकतो. यातलं कुठलंही एक आधी ढासळलं तरी दुसरं मागोमाग जातं. म्हणूनच ‘आधी काय बिघडलं’ यावर तिथल्या अभ्यासकांत एवढा वाद आहे.

ढासळण्याचा क्रम साधारण असा दिसतो. पाणथळ कुरणातली पाण्याची पातळी उतरली की पाणथळीची झाडं आधी जातात आणि कोरडं कुरण होतं. आणखी उतरली की स्टिपासारखं विरळ, खोल मुळांचं गवत येतं. मुळांची गादी सुकून तडकते, थंडीत तिचे तुकडे सुटतात, कडा वाऱ्याने झिजतात आणि मधे मधे उघडी काळी माती पडते. आपल्याकडे काळी जमीन म्हटलं की शाळू-हरभरा डोळ्यांसमोर येतो. तिथे गुराख्याला ती दिसली की पोटात गोळा येतो, कारण ती गादी पुन्हा बसायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

निपाणीकर_७१

मॅडम, मी मुद्दाम उलट विचारतो, राग मानू नका. उपग्रहाच्या चित्रांत हिमालय आणि तिबेट जास्त हिरवे दिसतात असं वाचलंय. मग वाळतंय कुठं?

सड्यावरची_फुलं

राग कसला, योग्य जागी बोट ठेवलंत. तिबेटचं पठार गेल्या काही दशकांत एकूण जास्त हिरवं झालंय हे खरं आहे. एव्हरेस्टच्या परिसरासकट हिमालयात ४१५० ते ६००० मीटरच्या पट्ट्यात १९९३ ते २०१८ या काळात वनस्पती वाढल्याचं उपग्रहावरून मोजलं गेलंय. उन्हाळा लांबला, थंडी कमी झाली, काही भागांत पाऊस वाढला. शिवाय गोठलेल्या मातीत अडकलेलं नत्र सुटतं, त्याचं झाडांना खत मिळतं.

पण उपग्रह हिरवेपणा मोजतो, कोणती वनस्पती आहे ते सहज सांगत नाही. कोब्रेशियाच्या जागी गुरं तोंड लावत नाहीत असं रुंद पानांचं तण माजलं तरी आकडा वरच जाणार. आणि सरासरीत एका खोऱ्यातलं वाळणं दुसऱ्या खोऱ्यातल्या हिरवेपणाखाली झाकून जातं. तुमच्या तालुक्याचा सरासरी पाऊस चांगला झाला म्हणून तुमच्या शेतात पडलाच असं तुम्ही तरी म्हणाल का?

निपाणीकर_७१

न्हाई म्हणणार 😀 पटलं.

अथणी_कृष्णाकाठ

मग याचा आपल्या कृष्णेशी संबंध आहे का? २०१९ ला आमचं घर आठवडाभर पाण्यात होतं. वर बर्फ वितळला म्हणून पूर असं कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं.

कातळसडा

काहीही संबंध नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, मलप्रभा कणकुंबीला, मार्कंडेय आपल्या बेळगावच्याच पश्चिमेला. सगळ्या पावसाच्या नद्या. तिकडे बर्फही नाही आणि गोठलेली जमीनही नाही. २०१९ चा पूर सह्याद्रीतल्या अतिवृष्टीचा आणि धरणांच्या विसर्गाचा होता. तो मेसेज ज्याने पाठवला त्याला हा धागा पाठवा.

सीमावासी_१९५६

विसर्गाचं म्हणाल तर दोन राज्यं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधे आपण बुडतो. मुळात १९५६ लाच

व्यवस्थापक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तिथे भरपूर जागा आहे. अलमट्टीच्या उंचीचाही वेगळा आहे. इथे गोठलेल्या जमिनीवरच बोलू या. पुढचे सात प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

चिक्कोडी_एक्सप्रेस

साठ प्रतिसादांच्या आत सीमाप्रश्न आला नाही तर तो बेळगावकरांचा धागा नव्हेच.

तिलारी_ते_झुरिक

नमस्कार, मूळचा चंदगडच्या बाजूचा, शिक्षण बेळगावात, आता नोकरीसाठी स्वित्झर्लंडमध्ये. इथे हा विषय लोकांच्या रोजच्या बोलण्यात असतो म्हणून थोडं लिहितो.

आल्प्समध्ये तिबेटसारखी सपाट पठारं नाहीत. इथली गोठलेली जमीन म्हणजे उभे कडे आणि दगडांचे उतार. कोर्वाच डोंगरावर मुर्तेल नावाच्या जागी १९८७ मध्ये ५८ मीटर खोल भोक पाडून तापमापक सोडलेत, तेव्हापासून मोजणी चालू आहे. पर्वतातल्या पर्माफ्रॉस्टची एवढी जुनी नोंद फार कमी ठिकाणी मिळेल.

इथे कुरणापेक्षा दोन गोष्टींची धास्ती जास्त. पहिली म्हणजे कडे कोसळणं. खडकाच्या भेगांत बर्फ असतो, तो कडा बांधून ठेवतो. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा मॅटरहॉर्नवरून एवढे दगड सुटले की गिर्यारोहकांना काही काळ बंदी होती. २०१७ मध्ये पित्झ चेंगालो या शिखरावरून सुमारे ३० लाख घनमीटर खडक सुटला, आठ जण गेले, खाली बोंडो गावात गाळ घुसला. आणि २८ मे २०२५ ला ब्लाटेन गाव. वरच्या शिखराचे दगड बर्च नावाच्या हिमनदीवर पडत राहिले आणि शेवटी ती हिमनदीच सगळ्या दगडांसकट गावावर आली. सुमारे तीनशे लोकांना काही दिवस आधीच हलवलं होतं, गाईसुद्धा, म्हणून जीवितहानी एका माणसावर थांबली. गाव मात्र गेलं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या गुणाची, आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. इथे दगड आणि बर्फ मिसळून सावकाश सरकणारे उतार असतात, दगडी हिमनद्या म्हणा. त्या तापल्या की आतलं पाणी बाहेर येतं आणि येताना खनिजं घेऊन येतं. इटलीच्या दक्षिण टिरोलमधलं रासास हे तळं पूर्वी स्वच्छ, जवळजवळ क्षार नसलेलं होतं. नंतर त्यात क्षार चढत गेले आणि निकेल पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या बरंच वर गेलं. आजूबाजूला ना कारखाना ना खाण. अलास्कात ब्रुक्स पर्वतरांगेत पंच्याहत्तर ओढे-नद्या नारिंगी झाल्याची नोंद २०२४ मध्ये झाली. गोठलेल्या खडकातलं गंधकयुक्त खनिज उघडं पडलं, त्याला पाणी आणि हवा लागली, आम्ल झालं, लोह सुटलं.

माजी_हवालदार_यळ्ळूर

नारिंगी पाणी मी बघितलं न्हाई. पण झऱ्याच्या दगडावर पांढरा थर बसलेला बघितलाय. प्यायला खारट लागायचं. आम्ही त्याला कधी विचारलं न्हाई.

सड्यावरची_फुलं

लडाखातल्या कोरड्या हवेत पाणी उडून क्षार दगडावर राहतात, काका. खारट झरे तिथे पूर्वीपासूनचे आहेत. त्सो कार तर नावाजलेलं खारं सरोवर. एवढ्यावरून ते वितळणाऱ्या जमिनीचं पाणी होतं असं म्हणता येणार नाही.

निपाणीकर_७१

चामोलीला २०२१ ला जे झालं ते हेच का?

कातळसडा

तिथे जरा सांभाळून बोलायला हवं. ७ फेब्रुवारी २०२१ ला रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ सुटला. त्यात खडकच बहुतांश. खाली येताना घर्षणाने बर्फाचं पाणी झालं, ऋषिगंगा आणि धौलीगंगेत लोंढा आला, दोनशेहून जास्त माणसं मृत किंवा बेपत्ता. तो उतार गोठलेल्या खडकाचा असावा असं मानतात, पण नेमकं त्यामुळेच सुटला असं कुणी छातीठोक सांगितलेलं नाही. टीव्हीवर त्या दिवशी दुपारपर्यंत ‘हिमनदी फुटली’ हेच चाललं होतं.

सिक्कीमचं जास्त स्पष्ट आहे. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री दक्षिण ल्होनक सरोवर फुटलं. सरोवराच्या कडेला हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा मोठा बांध होता आणि तो आतून गोठलेला होता. त्यातला सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर भाग कोसळून सरोवरात पडला. पाण्याची वीस मीटरच्या आसपास उंच लाट उठली आणि तिने समोरचा काठ फोडला. चुंगथांगचं तिस्ता-३ धरण वाहून गेलं. त्या बांधाच्या अस्थिरतेमागे पर्माफ्रॉस्टचं वितळणं असल्याचं २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात मांडलंय. खाली लष्कराचे जवानही बेपत्ता झाले होते. आपल्याकडच्या किती घरांत त्या रात्री फोन लागत नाही म्हणून जागरण झालं असेल, सांगायला नको.

माजी_हवालदार_यळ्ळूर

झालं. माझ्या भाच्याचा पोरगा तिकडंच होता. दोन दिवस फोन न्हाई. मग आला. दुसऱ्यांचा आला न्हाई.

अथणी_कृष्णाकाठ

🙏

निपाणीकर_७१

वाईट झालं काका.

एक शंका राहिलीय. सगळीकडे लिहिलेलं असतं की तापमान इतक्या अंशांनी वाढलं. गोठलेल्या जमिनीचं किती वाढलं?

कातळसडा

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) २०१९ च्या अहवालात आकडा आहे. २००७ ते २०१६ या काळात ध्रुवीय आणि उंच पर्वतांतल्या पर्माफ्रॉस्टचं तापमान सरासरी ०.२९ अंशांनी वाढलं. फक्त पर्वतांचं धरलं तर ०.१९.

निपाणीकर_७१

एवढंसंच?

कातळसडा

इथेच फसगत होते. उणे आठ अंशांवरची जमीन उणे सात झाली तर पाण्याला काही कळत नाही. पण तिबेटातली आणि आल्प्समधली बरीचशी गोठलेली जमीन शून्याच्या अगदी टोकाला, उणे एक-दोनच्या आतबाहेर आहे. तिथे दशांशालाही किंमत आहे.

दुसरं असं की एक किलो बर्फ शून्य अंशावर नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे जमीन आतून वितळत असते तेव्हा येणारी सगळी उष्णता त्या कामात खर्च होते आणि तापमापक जागचा हलत नाही. उणे ०.२ वर वर्षानुवर्षं अडकलेला काटा पाहून सगळं ठीक आहे असं समजायचं नाही. उलट खाली काम जोरात चालू असण्याची शक्यता जास्त. म्हणून आता तापमानाबरोबर मोकळ्या थराची जाडी मोजतात, जमिनीतून वीज सोडून तिचा रोध मोजतात. बर्फातून वीज जात नाही, पाण्यातून जाते.

आपल्या देशात ही मोजणी उशिरा सुरू झाली. लेहच्या वर गंगलेस खोऱ्यात, खारदुंग ला च्या वाटेवरच्या साउथ पुल्लूजवळ, रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेची मंडळी काम करताहेत. तिबेटातल्यासारख्या दशकांच्या नोंदी आपल्याकडे नाहीत, म्हणून तिबेटाचे निष्कर्ष लडाखला जसेच्या तसे चिकटवू नयेत. लडाखात उतार जास्त, माती कमी, आणि लेहचा वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे जुलैतल्या एका दिवसाचा!

तिलारी_ते_झुरिक

यात बर्फवृष्टीचीही गंमत आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच भरपूर बर्फ पडला तर जमीन जास्त गोठेल असं वाटतं. होतं उलटं. जाड बर्फाखाली जमिनीतली ऊब बाहेर पडत नाही आणि ती थंडच होत नाही. ज्या कड्यावरचा बर्फ वारा उडवून नेतो तिथली जमीन जास्त गोठते. म्हणून नुसत्या हवेच्या तापमानावरून हिशेब चुकतो.

माजी_हवालदार_यळ्ळूर

बरोबर हाय. वाऱ्याच्या तोंडावरच्या पोस्टला खणायला सगळ्यात जास्त त्रास. आडोशाला जिथं बर्फ साठायचा तिथं सोपं जायचं. तवा वाटायचं उन्हामुळं असंल.

सीमावासी_१९५६

हलवलेले प्रतिसाद वाचून परत आलो. साधा प्रश्न. तिथली कुरणं बिघडली ती जमीन वितळल्याने की जास्त चराईने? सरकारं नेहमी गुराख्याच्याच माथी मारतात, आपल्याकडे धनगरांच्या माथी मारतात तसं.

सड्यावरची_फुलं

हा प्रश्न माडोईत फार गाजला. पीत नदीच्या उगमाकडचा तो भाग, हजार सरोवरांचा म्हणून प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या शेवटी तिथली कितीतरी लहान तळी आटली, कुरणं उजाड झाली. चीन सरकारने चराईला दोष दिला, गुराख्यांना हलवलं, कुंपणं घातली. पिका नावाचा उंदरासारखा दिसणारा, सशाच्या गणातला प्राणी बिळं करतो म्हणून त्याला विष घातलं. अभ्यासकांनी नंतर दाखवलं की पिकाच्या बिळांमुळे पाऊस जमिनीत मुरतो आणि त्याच बिळांत पक्षी घरटी करतात. शिवाय उजाड झालेल्या कुरणात पिका वाढतात, म्हणजे कारण आणि परिणाम उलटे धरले गेले असण्याची शक्यता. २००० नंतर पाऊस वाढला आणि तळी बऱ्याच अंशी परत भरली.

तेव्हा चराई, कोरडी वर्षं आणि वितळती जमीन, तिन्हींचा हात आहे. कुठे कुणाचा किती, ते खोऱ्यागणिक बदलतं. माझं मत विचाराल तर गुराख्याला हलवणं सोपं असतं म्हणून दोष आधी त्याच्याकडे जातो. वितळत्या जमिनीला नोटीस कोण बजावणार?

सीमावासी_१९५६

धन्यवाद ताई. हे कुठं वाचायला मिळत नाही.

चिक्कोडी_एक्सप्रेस

आता माझ्या कामाचं. जुलैत चौघं जण बुलेटवर लडाखला निघालोय. हानले, त्सो कार, चांगथांग. तुम्ही जे सगळं म्हणताय ते डोळ्यांनी दिसेल का?

कातळसडा

पर्माफ्रॉस्ट स्वतः दिसणार नाही, त्याच्या खुणा दिसू शकतात. ओल्या कुरणात गुडघ्याएवढे मातीचे उंचवटे, गवताने झाकलेले. उतारावर मातीचा थर सरकून पडलेल्या जिभा. दगडांची आपोआप झालेली वर्तुळं आणि पट्टे, दरवर्षी गोठण्या-वितळण्याने मोठे दगड कडेला ढकलले जातात त्यामुळे. यातलं काही नुसत्या रात्रीच्या गोठण्यानेही होतं, म्हणून दिसलं की लगेच पर्माफ्रॉस्ट असं ठरवून फेसबुकवर टाकू नका.

सड्यावरची_फुलं

आणि कृपा करून हिरवळ दिसली की गाडी आत घालू नका. रीलसाठी पाणथळ कुरणात गोल गोल गाड्या फिरवतात ते पाहून जीव तुटतो. चाकाने मुळांची गादी फाटली की तिथे काळी माती उघडी पडते, ऊन थेट आत जातं, त्या चाकोरीत पाणी साचतं आणि ती दरवर्षी खोल होत जाते. चांगपा लोकांच्या पश्मिना शेळ्या त्याच चिमूटभर गवतावर जगतात.

चिक्कोडी_एक्सप्रेस

नाही घालणार ताई, शपथ. तंबू तरी कुरणात लावला तर चालेल का? बाकी सगळी खडी असते म्हणतात.

माजी_हवालदार_यळ्ळूर

खडीवरच लावा. कुरणात रात्री खालनं ओल येते, गारठून मराल. आणि लेहला पोचल्यावर दोन दिवस गप पडून ऱ्हावा, लगेच खारदुंग ला ला पळू नका. बेळगावची पोरं तिथंच आडवी होतात.

चिक्कोडी_एक्सप्रेस

काका, नंबर व्यनि करा. निघायच्या आधी यळ्ळूरला येऊन जातो.

माजी_हवालदार_यळ्ळूर

व्यनि म्हणजे काय ते नातवाला विचारून सांगतो.